बैठ्याची उडी

करीममामू. वाशीमच्या बाजारात सुकट-बोंबील विकणारे करीममामू. आज मी जो काही आहे — घरात सही करता येणारा पहिला, गावातला पहिला बी. एस्सी., एका हायस्कुलात शास्त्र शिकवणारा मास्तर — तो त्यांच्यामुळे आहे. एवढं मी नेहमी सांगतो. गावानं हार घातला तेव्हा सांगितलं, शाळेच्या संमेलनात सांगितलं. लोकांना ऐकायला आवडतं. त्यापुढचं मात्र मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. तुम्हाला सांगतो आहे, तेही अडखळतच सांगीन. मध्ये थांबवू नका — थांबवलंत तर मी पुन्हा ते संमेलनातलंच भाषण करायला लागेन.

गोष्ट एका माशाची आहे. बोटाएवढा मासा. समुद्राच्या कडेला जिथं काळे खडक असतात, त्या खडकांतल्या खळग्यांत तो तळाशी राहतो. रंग खडकासारखाच, अंगावर मळकट ठिपके. दिसायला काही नाही. पोटाखालचे दोन पर एकमेकांना जोडून त्यांची वाटी झालेली असते. ती वाटी दगडाला चिकटवून तो बसतो, आणि लाट आली तरी हलत नाही. कोकणातले कोळी त्याला खरबी म्हणतात. मामूंनी त्याचं नाव ठेवलं होतं बैठ्या. "पोह्यते कमी, बसते जास्त," ते म्हणायचे, "आपल्या पाटलावानी."

आता तुम्ही म्हणाल, वाशीमच्या माणसाला समुद्रातल्या माशाचं काय? आमच्याकडून समुद्र कुठल्याही दिशेनं गेलं तरी दोन दिवसांच्या वाटेवर. पण सुकट कुठून येते? मामू दर वर्षी दिवाळी झाली की अलिबागेकडे जायचे. तिथं एका कोळ्याच्या अंगणात महिना-दीड महिना मुक्काम करायचे, वाळवलेली मासळी निवडून पोत्यांत भरायचे आणि रेल्वेनं आणायचे. सगळ्या वाशीमात त्या काळी समुद्र पाहिलेली माणसं किती असतील? मला तर एकच ठाऊक होता.

माझा बाप अनसिंगजवळच्या एका गावात सालदार होता. वर्षाच्या कराराचा शेतगडी. मी चौथी पहिल्या नंबरानं पास झालो आणि मास्तर म्हणाले, पोराला वाशीमच्या हायस्कुलात घाला. घाला म्हणजे काय? राहायचं कुठं? अनसिंगच्या बाजारात आई मामूंकडून सुकट घ्यायची, तिथं ती सहज बोलून गेली. मामू तराजू खाली ठेवून म्हणाले, "पोराले धाड, बहीन. माह्या वखारीत येक कोपरा हाय. वास येईन, पन वासानं आजवर कोनी मेलं नाई." आई गप्प राहिली. ती का गप्प राहिली ते तिनं सांगायच्या आधी त्यांना कळलं. "चूल त्याची अलग," ते म्हणाले, "पानी अलग, भांडे तुह्या घरचे. हात बी नाई लावनार कोनी. आता सांग."

ते शब्द त्यांनी पाळले. सहा-सात वर्षं मी त्यांच्या वखारीत पोत्यांच्या मधल्या जागेत राहिलो, माझी भाकर मी थापली. मामी परसातून विचारायच्या, "भाजली का रे नीट?" — पण उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायच्या नाहीत. एकदाच टाकलं. मला ताप भरला होता, तीन दिवस उठलो नव्हतो. त्यांनी पेज करून आणली, पाजली, आणि म्हणाल्या, "तुह्या मायले सांगू नोको. तिले वाईट वाटीन." मी सांगितलं नाही.

आणि वास. तो खरा होता. सदरा कितीही धुवा, वर्गात मी शिरलो की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "आला रे बोंबील!" मी पहिला नंबर काढला तरी बोंबीलच. हे मी मामूंना कधी कळू दिलं नाही. पुढं जे केलं त्याचं हे कारण नव्हे. कारण म्हणून सांगतही नाही. पण लाज कुठून सुरू झाली ते सांगायला नको का?

मी इंग्रजी तिसरीत असताना मामू अलिबागेहून परतले ते काखेत लोणच्याची काचेची बरणी घेऊन. तोंडाला ओलं फडकं. सोबत घासलेटाच्या डब्यात समुद्राचं पाणी. रेल्वेत दोन दिवस त्यांनी दर घडीला ते पाणी हातानं ढवळलं होतं, माशाला हवा मिळावी म्हणून. फडकं सोडलं आणि मी पाहिलं — तळाशी एक चपटा दगड, दगडावर बैठ्या. डोळे डोक्यावर, बेडकासारखे. तो माझ्याकडे पाहत होता. मी बोट बुडवून चाटलं. समुद्र मला पहिल्यांदा वाशीमला कळला, तोही जिभेला.

मासा नऊ दिवस जगला. त्या नऊ दिवसांत मामूंनी मला जे सांगितलं, ते त्यांच्याच शब्दांत सांगतो. त्यातला एकही शब्द मी विसरलेलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

"पाह्य नाम्या, समिंदर उतरला का खडकायत डबरे रायतात. या डबऱ्यात येक बैठ्या, त्या डबऱ्यात येक. मंधात कोरडा खडक. आता याले मी काडीनं टोचलं, तं हा काय करते? उडी मारते. अन् पडते कुठं? बराबर बाजूच्या डबऱ्यात! त्याले ते डबरं दिसत नाई लेका, मंधात खडक उभा हाय. मंग कसं समजलं त्याले? म्या लय दिवस बसून पाह्यलं. भरती असते ना, तवा सारं पान्याखाली असते. तवा हा बैठ्या साऱ्या खडकावून फिरते, कुठं खोल हाय, कुठं उथळ, ध्यानात ठेवते. भरतीत पाह्यलेलं ओहोटीत याद ठेवते. मानसाले जमत नाई थे."

मग बरणीतलं पाणी हातानं ढवळत ते म्हणाले:

"येक डाव म्या वाईट काम केलं. बाजूचं डबरं गोट्यायनं भरून टाकलं. म्हनलं पाहू, काय करते. अन् टोचलं त्याले. नाम्या, त्यानं उडी मारली रे. भरवशानं मारली. गोट्यायवर पडला, तडफडाले लागला. म्या उचलून पान्यात टाकला, पन मले त्या दिवशी जेवन गेलं नाई. त्याची काय चूक होती? भरवशाच्या डबऱ्यात कोनं गोटे भरले, तं उडी मारनाऱ्यानं काय करावं?"

मी प्राणिशास्त्राकडे वळलो तो त्या बरणीमुळे. नागपूरला कॉलेजात गेलो, बी. एस्सी. झालो. तार गावात पोचली तेव्हा मामूंनी बाजारात दुकान मांडायचं सोडून तालुक्यात ज्याला त्याला "आमचा नाम्या, आमचा नाम्या" करत गूळ वाटला, असं आईनं सांगितलं. मी पुढं एम. एस्सी.ला बसलो.

आमचे प्राणिशास्त्राचे सर दर वर्षी विद्यार्थ्यांकडून एक निबंध मागवत. अट एकच — स्वतः पाहिलेलं लिहायचं, पुस्तकातलं नाही. ज्याचा निबंध सरस, त्याला उन्हाळ्यात सर आपल्याबरोबर समुद्रकिनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत सात आठवडे नेत. सात आठवडे समुद्र! माझं वय तेव्हा बावीस-तेवीस, आणि मी समुद्र पाहिलेला नव्हता. मला तो हवा होता — आणि त्याच्या मागून येणारी सरांची शिफारस, नोकरी, सगळंच हवं होतं.

मी बैठ्यावर लिहिलं. कच्च्या कागदावर पहिली ओळ अशी होती: 'ही हकीकत मला वाशीमचे सुकट विक्रेते करीम यांनी सांगितली, ती त्यांनी अनेक वर्षे समुद्रकाठी बसून पाहिलेली आहे.' एवढी ओळ ठेवली असती तर काय बिघडलं असतं? कदाचित बक्षीसही मिळालं असतं. पण ती ओळ मोठ्यानं वाचून पाहिली, आणि मला मागच्या बाकावरून तो जुना आवाज ऐकू आला. मी ती खोडली. तिथं लिहिलं, 'मी.' मी चौदा दिवस खडकावर बसलो. मी काडीनं टोचलं. मी एका खळग्यात गोटे भरले, आणि मासा पडला तेव्हा मला वाईट वाटलं. — हो, तेही. त्यांचं वाईट वाटणंसुद्धा मी घेतलं.

निबंध शास्त्रीय दिसावा म्हणून मी एक कोष्टक जोडलं. पट्टीनं रेघा मारून. चौदा दिवस, रोजची वेळ, किती उड्या, किती चुकल्या. वेळ मला ठाऊक होती. मामू म्हणायचे, "फजरची नमाज झाली का म्या खडकावर जाऊन बसो." म्हणून मी वेळेच्या रकान्यात खालपर्यंत एकच लिहिलं: ओहोटी, सकाळी सहा. ओहोटी, सकाळी सहा. चौदा वेळा. सुवाच्य अक्षरात.

निबंध वर्गासमोर वाचला. टाळ्या पडल्या. सर म्हणाले, "खळग्यात दगड भरण्याची कल्पना फार चांगली." मी मान खाली घातली; लोकांना तो विनय वाटला. निकाल आठवड्यानं लागायचा होता, पण नाव कुणाचं लागणार हे सगळ्यांना कळलं होतं.

आणि त्याच आठवड्यात मामू आले.

मी त्यांना कळवलं नव्हतं. समुद्रावर जायची माझी आशा, ते अलिबागेला निघायच्या आधीच, आईकडून त्यांच्या कानावर गेली होती, आणि त्यांनी आपल्या मनानं ठरवलं की पोराला अभ्यासाला जिता बैठ्या पाहिजे. अलिबागेहून परतताना वाशीमकडे न वळता ते तसेच नागपूरला आले. टांग्यात हिसके बसतात, पाणी हिंदकळतं, म्हणून स्टेशनपासून कॉलेजपर्यंत पायी. बरणीला ओलं पोतं गुंडाळलेलं. प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात आम्ही पाच-सहा जण सरांभोवती उभे होतो, आणि पायऱ्यांवर ते दिसले. त्यांच्याआधी वास आला. माझ्या शेजारच्यानं नाकाला रुमाल लावला.

मामूंनी मला पाहिलं. चेहरा सगळा उजळला. त्यांनी तोंड उघडलं — "ना—"

"हे कोण?" सरांनी विचारलं.

मी म्हणालो, "गावाकडचा सुकटवाला आहे, सर. एक बरणी पोचवायला सांगितली होती."

त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. किती वेळ? एक श्वास असेल. मग त्यांनी ते मिटलं आणि मान लववली. "जी. बरनी द्याची होती साहेबाले." पोतं सोडून बरणी माझ्या हातात दिली. म्हणाले, "सांभाळून ठेवजा, साहेब. पानी खारंच टाकजा."

तुम्ही वऱ्हाडातले नसाल तर हे तुमच्या ध्यानात येणार नाही. आमच्याकडे घरच्या माणसाला 'ठेवजो' म्हणतात, परक्या मोठ्या माणसाला 'ठेवजा'. मी लहान असल्यापासून ते मला 'ठेवजो' म्हणत होते. 'जेवजो', 'झोपजो', 'नीट जाजो'. त्या दिवशी व्हरांड्यात त्या शब्दावरची मात्रा गळून पडली. ती पुन्हा कधी चढली नाही.

सर त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालत गेले. मी खिडकीतून पाहत होतो. दोघं बराच वेळ बोलत होते. मध्येच मामूंनी उजव्या हाताचा पंजा उचलला आणि हवेतून उडवून डाव्या तळहातावर टेकवला. — बैठ्याची उडी. मला दुरूनही ओळखू आली. सांगताहेत. सगळं सांगताहेत.

दोन दिवसांनी सरांनी खोलीत बोलावलं. निबंध त्यांच्या पुढ्यात होता. "हे तुम्ही पाहिलेलं नाही," ते म्हणाले. रागावले नाहीत, रागावले असते तर मी रडून मोकळा झालो असतो. "कशावरून, ते मी सांगत नाही. तुम्ही शास्त्राचे विद्यार्थी आहात, शोधून काढा." समुद्रावर दुसरा मुलगा गेला.

मला काय शोधायचं होतं? मला ठाऊकच होतं! तो पंजा मी डोळ्यांनी पाहिला होता. मला वाटलं — आणि हे मी आज शपथेवर सांगू शकतो की मला मनापासून वाटलं — की मला दगा झाला. ज्या माणसाला मी बापाच्या जागी मानलं, त्यानं एका व्हरांड्यातल्या वाक्याचा सूड घेतला. माझ्या उडीच्या वेळेला त्यानं डबऱ्यात गोटे भरले. तीन दिवस मी जेवलो नाही. माझ्याइतका फसवला गेलेला माणूस नागपुरात नव्हता. बरणीकडे मी पाहिलंही नाही. चौथ्या दिवशी नोकरानं ती धुऊन पालथी घातलेली दिसली.

त्या दिवशी मी मामूंना पत्र लिहिलं.

मामूंना उर्दू वाचता यायची, आपली बाळबोध नाही. माझं पत्र कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागणार, हे मला माहीत होतं. माहीत असून लिहिलं. नाही — माहीत होतं म्हणूनच तसं लिहिलं.

उत्तर आलं नाही. वर्ष गेलं. एम. एस्सी. अर्धवट सोडून मी मास्तरकी धरली; दाखला न्यायला कॉलेजात गेलो तेव्हा सर भेटले. त्यांनी कपाटातून तो निबंध काढून दिला. "सापडलं का?" त्यांनी कोष्टकाचं पान उघडलं. वेळेच्या रकान्याभोवती लाल पेन्सिलीचं एक लांबट वर्तुळ होतं. चौदा वेळा सकाळी सहा.

"ओहोटी रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते," ते म्हणाले. "सकाळी सहाची ओहोटी आठवड्याभरानं दुपारची होते. चार दिवस समुद्राकाठी काढलेलं पोरही हे लिहिणार नाही. हे मी निबंध घरी नेला त्याच संध्याकाळी पाहिलं."

चंद्र, भरती, ओहोटी — भूगोलात मला पैकीच्या पैकी होते. पण मी आमच्याकडचा माणूस. आमच्या विहिरीला पाणी असतं किंवा नसतं. ते घड्याळ बदलत नाही. मी समुद्राला शाळेची घंटा लावली होती. मामू फजरनंतर रोज बसायचे ते खरं, पण पाणी चढलेलं असलं की नुसतेच बसून राहायचे, असं ते मला सांगायचे राहिले. किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

"मग — तो माणूस?" मी विचारलं. "फाटकाजवळ?"

"त्याला मी सरळ विचारलं, हे कुणी पाहिलं? तर म्हणाला, आमच्या साहेबांनी पाहिलं, मी तिथं होतो, माझ्या डोळ्यांदेखत पाहिलं. उडीसुद्धा हातानं करून दाखवली, साहेबांनी अशी पाहिली म्हणून." सरांनी निबंध मिटला. "तुमच्यासाठी खोटं बोलत होता. आणि बिचाऱ्याला ते नीट जमत नव्हतं."

आता सांगा. त्याच गाडीनं मी वाशीमला जायला नको होतं? गेलो. वखारीच्या दारात उभा राहिलो. मामू पोतं शिवत होते. मला पाहून उठले, आतून खुर्ची आणली — त्या घरात मी पोत्यांवर वाढलो, खुर्ची कधी पाहिली नव्हती — फडक्यानं पुसली आणि म्हणाले, "या साहेब. बसा." मी बसलो. आईची तब्येत, पाऊस, शेलूबाजारचा बाजार कसा भरतो. पत्राचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. चहा झाला. निघालो तेव्हा म्हणाले, "नीट जाजा." मी वळून एवढंच म्हणायचं होतं की मामू, जाजो म्हण. दोन शब्द. नाही म्हणालो.

पुढं पाच वर्षं ते होते. दर सुट्टीत मी खुर्चीवर बसून आलो.

एकदा त्या वेळचे पोस्टमन भेटले, पेन्शनीत निघालेले. माझ्याकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "मास्तर, तुमचं अक्षर लय चांगलं हाय." मी उभाच राहिलो. "भर बाजाराचा दिस होता," ते म्हणाले. "पन म्या कानात वाचलं. करीमभाईनं दोन खेपा वाचाले लावलं, मंग घडी करून खिशात टाकलं. गिऱ्हाईक उभं होतं, त्याले सुकट मोजून देल्ली."

मामू गेल्यावर मी एकदा अलिबागेला जाऊन आलो. चार दिवस खडकावर बसलो. पहिल्या दिवशी सहाला पाणी उतरलेलं होतं. चौथ्या दिवशी सहाला ते माझ्या घोट्यांशी होतं. बैठे दिसले. एकानंही उडी मारली नाही. मी टोचलं नाही.

इथपर्यंत सांगितलं. तुम्हाला वाटेल झालं. झालं नाही. इतका वेळ मी ज्याच्याभोवती फिरतो आहे ते अजून राहिलंच आहे.

मामूंच्या चाळीसाव्याला मी गेलो होतो. माणसं उठून गेल्यावर मामींनी मला आत बोलावलं. त्या मात्र मला नाम्याच म्हणत. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. पत्र्याच्या पेटीतून त्यांनी एक पाकीट काढलं. कडा मऊ पडलेल्या, पुन्हा पुन्हा हातात घेतल्यासारख्या. माझं अक्षर.

"हे तुह्यं पत्र," त्या म्हणाल्या. "लय संभाळून ठेवलं व्हतं त्यायनं. म्या इचारलं, काय लिव्हलं पोरानं? तं म्हने, नाम्याले समिंदरावर धाडून राह्यले, खुश हाय पोरगं, तुले सलाम सांगतला. मंग कवाकवा पेटीतून काढत, पाहत, ठेवून देत. मले कोन वाचून दाखवीन? तू आला आज. वाचजो रे नाम्या. मोठ्यानं वाचजो. त्यायले आयकू जाईन आसं वाच."

मी पाकीट उघडलं. कागद उलगडला. ओळी सगळ्या जागच्या जागी होत्या.

आणि मी वाचलं. कागदावर डोळे ठेवून, मोठ्यानं, आमच्या बोलीत वाचलं: "मामू, तुही बरनी पोचली. बैठ्या जिता हाय, दगडावर बसून मले पाहून राह्यला. सर लय खुश झाले. म्या त्यायले सांगतलं, हे माह्या मामूनं पाह्यलेलं हाय. मले समिंदरावर नेऊन राह्यले. पुढच्या साली तू अन् मी संगंच जाऊ. मामीले सलाम. तुहा नाम्या." मध्ये कुठं अडखळलो नाही. पान संपलं तिथं थांबलो, जसं काही खरंच तिथं संपत होतं.

मामी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आसंच सांगतलं होतं त्यायनं. आसंच."

मी म्हणालो, "मामी, हे मी ठेवून घेतो. आठवण म्हणून."

त्यांनी दिलं. का मागितलं? उद्या दुसऱ्या कुणी वाचून दाखवलं तर, म्हणून. मामी अजून आहेत. दर ईदेला जातो. शेजारणींना सांगतात, या पोरानं माझ्या माणसाला कसं पत्र लिहिलं होतं. मी शेजारी बसून ऐकतो.

पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. कागदावर खरं लिहिलेलं आहे ते असं:

नागपूर

करीम, सुकट विक्रेते, वाशीम, यांस —

आपण कॉलेजात येऊन माझ्या प्राध्यापकांजवळ जे बोललात त्याचा परिणाम झाला आहे. आपला हेतू सफल झाला म्हणून आपणास समाधान वाटत असेल. मासळी विकणे आणि माशांचा अभ्यास करणे यांत फरक असतो. तो आपल्या ध्यानात येण्याजोगा नाही, त्याबद्दल मी आपणास दोष देत नाही.

लहानपणी आपण मला वखारीत जागा दिलीत. तिचा वास अजून माझ्या कपड्यांना येतो. याखेरीज आपले माझ्याजवळ काही राहिलेले नाही.

यापुढे कॉलेजात येऊ नये. बरण्या पाठवू नयेत. माझे नाव कोणाजवळ घेऊ नये. भरवशाच्या डबऱ्यात गोटे भरण्याची गोष्ट आपणच मला सांगितली होती. ती आपण स्वतःचीच सांगत होता, हे मला उशिरा समजले.

आपणास वाचता येत नाही. तरी हे पत्र जो कोणी आपणास वाचून दाखवील त्याने ते बाजाराच्या दिवशी, मोठ्याने वाचावे.

नामदेव गणपत, बी. एस्सी.